रात्री उशिराचे सँडविच आणि गॅसवरचा हातटोस्टर

रात्री उशिरा भूक लागल्यावर घरी करायचे सँडविच आणि सकाळच्या न्याहारीचे सँडविच यांच्या गरजा वेगळ्या असतात, आणि साधन निवडताना हा फरक बहुधा कोणी विचारात घेत नाही. सकाळी चारपाच जणांसाठी एकामागून एक सँडविच करायची असतात, ओट्यावर तशीही भांडी साचलेली असतात आणि घर जागे असते. रात्री खाणारा एकटाच असतो, त्याला झोप येत असते, घरातले इतर लोक झोपलेले असतात आणि सिंकमध्ये नवे भांडे टाकायची कोणाचीच इच्छा नसते. म्हणून रात्रीच्या साधनाची कसोटी अशी असावी: एकच सँडविच नीट भाजले जावे, त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये, आवाज होऊ नये आणि मागे धुण्यासारखे जवळजवळ काही उरू नये. गॅसवर ठेवून भाजायचा, दोन लांब दांड्यांचा, ॲल्युमिनियमचा साधा टोस्टर या कसोटीला विजेच्या सँडविच मेकरपेक्षा आणि तव्यापेक्षाही चांगला उतरतो, असे माझे दीर्घ वापरानंतरचे मत आहे. त्यात दोषही आहेत, आणि त्यांतले काही बनवणाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे राहिलेले आहेत.

हे साधन न पाहिलेल्यांसाठी थोडे वर्णन करतो. ओतीव ॲल्युमिनियमचे दोन उथळ चौकोनी साचे एका बाजूला बिजागरीने जोडलेले असतात आणि प्रत्येक साच्याला एकेक लांब दांडा असतो. दांड्यांच्या टोकांना उष्णतारोधक प्लास्टिकच्या मुठी असतात आणि दोन्ही दांडे एकत्र आवळून धरणारी एक कडी असते. ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये सारण घालून ते साच्यात ठेवायचे, साचा मिटून कडी अडकवायची, आणि तो बर्नरवर आधी एका बाजूने व मग उलटून दुसऱ्या बाजूने भाजायचा. साच्याच्या कडा ब्रेडच्या कडांना एकमेकींवर दाबून बंद करतात, त्यामुळे तयार होणारे सँडविच चारही बाजूंनी मिटलेले असते. काही साच्यांमध्ये मधोमध तिरकी उंच रेघ असते, आणि त्यामुळे सँडविचचे दोन मिटलेले त्रिकोण होतात.

ही कल्पना जुनी आहे. शेकोटीवर धरून ब्रेड भाजण्याची लांब दांड्यांची लोखंडी साधने पूर्वीपासून होती. 1949 साली सिडनीच्या बाँडाय भागातील अर्नेस्ट स्मिदर्स या डॉक्टरांनी अशा मिटणाऱ्या साच्याचे पेटंट घेतले आणि ‘जॅफल आयर्न’ या नावाने तो ऑस्ट्रेलियात घरोघरी पोचला. त्याच देशात 1974 साली ब्रेव्हिल कंपनीने कडा मिटवणारा आणि मधोमध कापणारा विजेचा सँडविच टोस्टर बाजारात आणला, तो तुफान खपला आणि गॅसवरचा टोस्टर मागे पडला. तो मागे पडण्याचे कारण त्याची भाजणी वाईट होती असे नव्हते; विजेच्या यंत्राकडे लक्ष द्यावे लागत नव्हते, एवढेच ते कारण होते. एकट्यासाठी एकच सँडविच करायचे असेल तेव्हा मात्र चार मिनिटे शेगडीपाशी उभे राहण्यात फारसा तोटा नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे भाजणी. ब्रेडच्या पृष्ठभागावर ओलावा आहे तोवर त्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे 100 अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे जात नाही. ओलावा उडून गेल्यावर तापमान वाढते आणि साधारण 140 अंशांच्या पुढे प्रथिने व शर्करा यांच्यात ती प्रक्रिया वेगाने सुरू होते जिच्यामुळे तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की चांगल्या टोस्टरला दोन कामे जमली पाहिजेत: ओलावा लवकर बाहेर घालवणे आणि त्यानंतर तापमान करपण्याच्या पातळीच्या खाली राखणे. पातळ ॲल्युमिनियमचा साचा ही दोन्ही कामे चांगली करतो. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता शुद्ध लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट असते, आणि साचा हलका असल्यामुळे तो स्वतःत फार उष्णता साठवून ठेवत नाही. आच कमी केली की साच्याचे तापमान लगेच उतरू लागते, आणि शेगडीवरून उचलला की भाजणे जवळजवळ थांबते. जाड लोखंडी साचा एकदा तापला की आच बंद केल्यावरही ब्रेड भाजत राहतो, आणि अर्धवट झोपेत असलेल्या माणसाला ते सांभाळणे अवघड जाते.

मात्र याच गुणामुळे आचेची चूकही साचा ताबडतोब ब्रेडपर्यंत पोचवतो. मोठ्या बर्नरवर पूर्ण आच ठेवली तर ज्वाळेच्या वर्तुळाचा ठसा ब्रेडवर काळ्या कड्यासारखा उमटतो आणि मधले चीज अजून थंडच असते. म्हणून शेगडीवरचा सर्वांत लहान बर्नर घ्यावा, आच मध्यमाहून कमी ठेवावी, आणि ज्वाळा साच्याच्या कडेबाहेर येत नाही ना हे पाहावे, कारण बाहेर आलेली ज्वाळा दांड्यांवर जाते आणि मुठी मऊ होऊ लागतात. माझ्या अनुभवात पहिल्या बाजूला दोन ते अडीच मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला त्याहून थोडा कमी वेळ लागतो, कारण उलटेपर्यंत दुसरा साचाही निम्मा तापलेला असतो. एकाच बाजूवर पूर्ण वेळ देण्यापेक्षा दर मिनिटाला उलटत राहिले तर रंग अधिक सारखा येतो आणि आतले सारणही दोन्हीकडून तापते. या साधनाचा खरा फायदा इथेच आहे. तव्यावर चार वेळा उलटल्यास सारण बाहेर सांडते. इथे सगळे मिटलेले असल्यामुळे कितीही वेळा उलटता येते आणि हवे तेव्हा कडी सोडून रंग पाहता येतो.

ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला बटर लावणे हा काही केवळ चवीचा भाग नाही. ब्रेडचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि धातूला तो मोजक्या ठिकाणीच टेकतो. मधल्या पोकळ्या स्निग्धांशाने भरल्या की उष्णता सगळीकडे सारखी पोचते. कोरड्या ब्रेडवर म्हणूनच ठिपकेदार भाजणी दिसते. बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश, साधारण 16 टक्के पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ असतात, आणि हे घन पदार्थ रंग व वास वाढवतात; पण तेच सर्वांत आधी करपतात. त्यामुळे बटर मऊ करून अगदी पातळ, कडेपर्यंत लावावे. थंड बटरचा तुकडा ब्रेडवर घासल्यास ब्रेड फाटतो, आणि फाटलेल्या जागेतून चीज बाहेर येऊन साच्याला चिकटते. फ्रीजमधले बटर मऊ होण्याची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर तो तुकडा किंचित कोमट साच्यावर फिरवून घ्यावा. बटरऐवजी मेयोनेज लावण्याची पद्धतही चांगली आहे. तेल आणि अंड्यातील प्रथिने यांमुळे रंग सावकाश पण अतिशय एकसारखा येतो आणि ते फ्रीजमधून काढल्या काढल्या पसरता येते, ही रात्रीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

ब्रेडबद्दल दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली मापाची. मिटणारा साचा हा एकसारख्या जाडीच्या चौकोनी स्लाइस मिळू लागल्यावरच सोयीचा झाला. ऑटो रोवेडर यांच्या यंत्राने कापलेला ब्रेड 1928 च्या जुलैमध्ये अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या चिलिकोथी गावी प्रथम विक्रीला आला, आणि पुढे सर्वत्र त्याच धर्तीच्या स्लाइस रूढ झाल्या. तरीही ब्रेडचा आकार आणि साच्याचा आकार जुळेलच असे नाही. स्लाइस साच्याहून थोडी मोठी असेल तर कडेचा भाग बाहेर लोंबतो, तो ज्वाळेवर करपतो आणि त्याचा वास घरभर जातो. म्हणून टोस्टर घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या ब्रेडची स्लाइस पट्टीने मोजावी आणि साच्याचे आतले माप तिच्याएवढे किंवा किंचित लहान असलेलाच घ्यावा. साचा मिटल्यावर बाहेर राहिलेली दोनतीन मिलिमीटरची किनार सुरीने कापता येते. साचा स्लाइसपेक्षा मोठा असेल तर कडा दाबल्याच जात नाहीत आणि सँडविच मिटत नाही. हाताने कापलेला, जाड कवचाचा ब्रेड या साधनासाठी नाहीच. त्याला तवाच हवा.

दुसरी गोष्ट ब्रेडच्या ताजेपणाची. रात्री हाताशी असतो तो बहुधा दोनतीन दिवसांपूर्वीचा ब्रेड, आणि या कामाला तोच बरा पडतो. अगदी ताजा ब्रेड ओलसर आणि लवचिक असतो, तो साच्यात दबून लगदा होतो. ब्रेड शिळा होतो तो मुख्यतः स्टार्चची पुन्हा स्फटिकासारखी रचना होऊ लागल्यामुळे, केवळ कोरडा पडल्यामुळे नव्हे, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. साधारण 60 अंशांच्या पुढे तापवल्यावर ती रचना पुन्हा सैल पडते, त्यामुळे शिळी स्लाइस भाजल्यावर आतून मऊ लागते. याचा अर्थ ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नये. तो बाहेर ठेवावा किंवा थेट फ्रीझरमध्ये टाकावा, जिथे ही क्रिया जवळजवळ थांबते. एकटे राहणाऱ्यांनी तर स्लाइस फ्रीझरमध्येच ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्या काढाव्यात. सारणाची तयारी होईपर्यंत त्या पुरेशा मऊ होतात. मात्र पूर्ण गोठलेली स्लाइस साच्यात दाबू नये, ती कडेला तडकते आणि मिटत नाही.

सारणात चीज जवळजवळ अपरिहार्य आहे, कारण वितळलेले चीजच दोन स्लाइस धरून ठेवते. मऊ, ओलसर आणि फार न मुरलेली चीज साधारण 55 ते 65 अंशांना वितळू लागतात. कोरड्या, खूप मुरलेल्या चीजना 80 अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान लागते आणि तोवर त्यांतले तूप वेगळे सुटू लागते. चार मिनिटांच्या भाजणीत मुरलेले चीज नीट वितळत नाही. ते घालायचेच असेल तर बारीक किसून, दुसऱ्या मऊ चीजबरोबर घालावे. प्रक्रिया केलेल्या चीजबद्दल खवय्ये नाक मुरडतात, पण या विशिष्ट कामासाठी ते उत्तम आहे. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी 1911 मध्ये सायट्रेट क्षाराच्या साहाय्याने वितळूनही न फुटणारे चीज तयार केले. आजच्या चीज स्लाइस त्याच तत्त्वावर बनतात. क्षारामुळे स्निग्धांश, पाणी आणि प्रथिने एकत्र राहतात, म्हणून अशी स्लाइस सँडविचमध्ये सारखी पसरते आणि तेल सोडत नाही. चवीसाठी किसलेले चांगले चीज आणि पकडीसाठी प्रक्रिया केलेल्या चीजची अर्धी स्लाइस, हे मिश्रण मला सर्वांत समाधानकारक वाटले आहे.

भाज्यांच्या बाबतीत मात्र या टोस्टरच्या मर्यादा स्पष्ट दिसतात. टोमॅटोत सुमारे 95 टक्के पाणी असते आणि काकडीत त्याहून थोडे अधिकच. तव्यावर हे पाणी वाफ होऊन कडेने निघून जाते, पण मिटलेल्या साच्यात वाफेला वाट कमी असते. ती ब्रेडमध्ये शिरते आणि बाहेरून खरपूस दिसणारे सँडविच आतून ओले लागते. उपाय साधा आहे. टोमॅटोचा बियांचा ओला गर काढून टाकावा, उरलेल्या भागाच्या पातळ चकत्या कागदी रुमालावर टिपून घ्याव्यात, आणि दोन्ही स्लाइसना आतून चीज लावून टोमॅटो मधोमध ठेवावा, म्हणजे चीजचा थर पाण्याला अडवतो. मीठ आधी लावून ठेवू नये, कारण ते भाजीतले पाणी बाहेर खेचते. साचा मिटण्याच्या क्षणी चिमूटभर मीठ आणि मिरपूड टाकावी, आणि चीज खारट असेल तर मीठ टाळावे. काकडी या सँडविचमध्ये घालूच नये, ती सोबत कच्ची खावी. कांदा अगदी पातळ कापून थोडा घालता येतो, पण चार मिनिटांत तो शिजत नाही, अर्धकच्चाच राहतो. ज्यांना तो रात्री सोसत नाही त्यांनी तो वगळावा. उकडलेला बटाटा, परतलेले मशरूम, शिजवलेले चिकन असे आधीच शिजलेले आणि कोरडे पदार्थ या साच्यात सर्वांत चांगले लागतात, फक्त ते शिजवल्यानंतर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलेले असावेत आणि भाजताना आतपर्यंत वाफाळते गरम व्हावेत.

साच्यातील ब्रेडच्या खळग्यात कच्चे अंडे फोडून वर दुसरी स्लाइस ठेवण्याची जुनी रीत आहे आणि ती आकर्षकही आहे. मी मात्र रात्रीसाठी ती सुचवणार नाही. अंडे सुरक्षितपणे शिजायला आतले तापमान सुमारे 71 अंशांपर्यंत पोचावे लागते, बंद साच्यात ते कधी झाले हे दिसत नाही, आणि साचा उलटताना पातळ पांढरे कडेतून गळले की बर्नर आणि टोस्टर दोन्ही घासत बसावे लागते. अंडे आधी उकडून, कुस्करून घालावे.

सारण किती घालावे, याचे उत्तर साचाच देतो, आणि रात्रीच्या खाण्यात ही शिस्त मला मोलाची वाटते. दोन चमचे किसलेले चीज आणि टोमॅटोच्या दोनतीन चकत्या यांहून अधिक काही घातले की कडी लागत नाही. जड खाऊन लगेच आडवे झाल्यास अनेकांना छातीत जळजळ होते. जेवण आणि झोप यांत दोनतीन तासांचे अंतर ठेवावे असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. उशिरा खायचेच असेल तर त्याचे प्रमाण लहान असणे बरे, आणि तव्यावर तीन थरांचे सँडविच रचण्याचा जो मोह होतो तो इथे शक्यच नसतो. भाजून झाल्यावर सँडविच ताटलीत सपाट न ठेवता जाळीवर किंवा दोन काट्यांवर मिनिटभर टेकवून ठेवावे. खालून वाफ निघून जाते आणि खरपूसपणा टिकतो. शिवाय मिटलेल्या कडांमुळे आतला टोमॅटो आणि चीज बराच वेळ अतिशय गरम राहतात, त्यामुळे घाईने घेतलेला पहिला घास टाळू भाजतो.

विजेच्या सँडविच मेकरशी तुलना करताना त्याला न्याय द्यायला हवा. त्यातील तापनियंत्रक तापमान मर्यादेत ठेवतो, दिवा कधी भाजायला ठेवायचे ते सांगतो, ज्वाळा नसते आणि चुकून विसरले तरी गॅससारखा धोका नसतो. 750 वॅटचे यंत्र आठ मिनिटे सलग चालले तरी एक दशांश युनिट वीज लागते, म्हणजे खर्च नगण्य आहे. ज्यांना डोळे मिटत असताना गॅस पेटवण्याची भीती वाटते, ज्यांच्या घरी लहान मुले स्वतः सँडविच करतात, किंवा ज्यांना एका वेळी दोन सँडविच लागतात, त्यांनी विजेचेच यंत्र घ्यावे. पण एकट्याच्या सँडविचसाठी ते दोन्ही खाने तापवते, तापायलाच चारपाच मिनिटे घेते, आणि बहुतेक साध्या यंत्रांच्या पट्ट्या काढता येत नसल्यामुळे ते पाण्याखाली धरता येत नाही. सांडलेले चीज गरम असताना पुसावे तर हात भाजतो, थंड झाल्यावर पुसावे तर ते घट्ट बसते, आणि बिजागरीच्या फटीत गेलेले तर तसेच राहते. रात्री ते तसेच मिटून ठेवले जाते आणि सकाळी उघडल्यावर वास येतो. गॅसवरचा टोस्टर थंड झाला की नळाखाली धरून मऊ स्पंजने अर्ध्या मिनिटात धुऊन होतो. माझ्या दृष्टीने हा एकच मुद्दा निर्णायक आहे.

तव्याबद्दल एवढेच म्हणेन की उघड्या तव्यावर, मंद आचेवर भाजलेल्या सँडविचचे कवच या टोस्टरपेक्षा अधिक कुरकुरीत होते, कारण वाफ मोकळी सुटते. ज्याला वेळ आहे आणि जो पूर्ण जागा आहे त्याने तवाच वापरावा. त्यासाठी तवा, उलथणे आणि कापायला सुरी असा पसारा मात्र होतो.

आता दोषांविषयी. माझ्या टोस्टरची दांडे आवळणारी कडी पातळ तारेची आहे आणि ती काही काळातच सैल झाली. सैल कडीमुळे साचा पूर्ण मिटत नाही, कडा जुळत नाहीत आणि बटर ज्वाळेवर ठिबकते. तार पक्कडीने वाकवून घ्यावी लागते. एवढ्या साध्या वस्तूत बिजागरी सोडली तर कडी हाच एकमेव हलणारा आणि ताण सोसणारा भाग असताना तिच्यावर काटकसर करणे मला पटत नाही. दुसरा दोष मुठींचा. त्या दांड्यांवर एकेका स्क्रूने बसवलेल्या आहेत, आणि वारंवार तापून थंड झाल्यामुळे स्क्रू ढिले होतात; मूठ हातात फिरली तर गरम साचा पायावर पडू शकतो, म्हणून स्क्रू अधूनमधून आवळणे आवश्यक आहे. तिसरा दोष तोलाचा. रिकामा टोस्टर शेगडीच्या जाळीवर ठेवला की लांब दांड्यांच्या वजनाने मागे कलंडतो, त्यामुळे भाजताना मूठ हातात धरूनच ठेवावी लागते. साचा जाळीवर आपटला की धातूचा कर्कश आवाज होतो, आणि रात्री तो शेजारच्या खोलीत ऐकू जातो; उतरवलेला टोस्टर ठेवण्यासाठी ओट्यावर आधीच लाकडी पाट किंवा घडी घातलेले जाड कापड असावे.

नॉनस्टिक लेपाचा टोस्टर घ्यावा की बिनलेपाचा, हा प्रश्न गंभीर आहे. या लेपातील पदार्थ, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणून ओळखतो, साधारण 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि त्याहून खूप अधिक तापल्यास त्यातून निघणारी वाफ माणसाला अपायकारक असते व पाळीव पक्ष्यांना तर प्राणघातक ठरू शकते. ब्रेड आत असताना तापमान त्या पातळीला जाण्याचे कारण नाही, कारण ब्रेड त्याआधीच करपेल. धोका आहे तो रिकामा साचा आचेवर विसरण्याचा, आणि झोपेच्या भरात हीच चूक सर्वांत सहज होते. बिनलेपाच्या साच्यात ही चिंता नाही, पण बटर कमी पडले की ब्रेड चिकटतो. मी बिनलेपाचा साचा पसंत करतो आणि बटर कडेपर्यंत लावतो. लेपाचा घेतला असेल तर तो रिकामा तापवू नये, धातूची सुरी आत फिरवू नये आणि लेप सोलवटू लागला की टोस्टर बदलावा. दोन्ही प्रकार डिशवॉशरमध्ये घालू नयेत. तिथल्या तीव्र अल्कधर्मी साबणाने ॲल्युमिनियम काळवंडते. टोमॅटो आणि मीठ लागलेला साचा तसाच सकाळपर्यंत ठेवू नये, धातूवर बारीक खड्डे पडतात. धुणे शक्य नसेल तर निदान पाण्याने विसळून, पुसून, उघडा ठेवावा.

इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचा टोस्टर तापत नाही, कारण अशा शेगडीला चुंबक चिकटेल असे लोहयुक्त बूड लागते. ज्यांच्याकडे फक्त इंडक्शन शेगडी आहे त्यांना हे साधन निरुपयोगी आहे. विजेच्या कॉइलच्या शेगडीवर ते चालते, पण कॉइल लवकर थंड होत नसल्यामुळे आचेवरचे नियंत्रण जाते.

खरेदी करताना साच्याचे माप पाहिल्यावर बिजागरी तपासावी. साचा मिटून उजेडासमोर धरावा. कडांमधून सर्वत्र सारखीच बारीक रेघ दिसली पाहिजे. एका कोपऱ्यात फट अधिक असेल तर त्या कोपऱ्यातून चीज नक्की बाहेर येणार. दांडे एवढे लांब असावेत की मूठ शेगडीच्या कडेबाहेर राहील. कडी सरकणाऱ्या पट्टीची असेल तर ती तारेच्या कडीपेक्षा अधिक टिकते. एकाच वेळी दोन सँडविच भाजणारे जोडसाच्याचे टोस्टरही मिळतात, पण ते मी घेऊ नका असेच सांगेन: साचा लहान बर्नरच्या दोन्ही बाजूंना बाहेर जातो, मधला भाग करपतो आणि टोके पांढरी राहतात, वजन दुप्पट होऊन एका हाताने उलटता येत नाही, आणि मोठ्या बर्नरवर नेल्यास आच कमी करण्याची सोय उरत नाही.